पायांकडे बघणारे तात्या

लग्न होऊन मी खोडदला आले, तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी असताना अर्धं गाव माझं तोंड बघायला जमलं होतं. कोणी नथ बघत होतं, कोणी रंग, कोणी माहेरच्यांनी अंगावर काय घातलंय ते. एक उंच, वाळका माणूस मात्र मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे! नव्या सुनेकडे डोळा वर करून बघत नाही. तेवढ्यात तो सभ्य माणूस म्हणाला, "सूनबाई, डाव्या पायावर जोर देतीस तू. ह्या सँडलची टाच दिवाळीपातूर टिकायची न्हाई. काढ, लगीच बघतो."

करवल्या फिदीफिदी हसल्या. माझी सासू म्हणाली, "तात्या, आधी तिला घरात तर येऊ द्या!" मी मनातून भडकले. मंचरच्या बाजारात दहा दुकानं फिरून घेतलेली सँडल होती ती. दिवाळी लांबच राहिली, दसऱ्यालाच टाच निघून हातात आली. मी गुपचूप ती घेऊन समोरच्या घरी गेले. तात्या पडवीत बसलेच होते. "आलीस?" एवढंच म्हणाले, आणि हात पुढे केला.

तात्या म्हणजे आमचे समोरचे शेजारी. नोकरीत असताना वायरमन होते. आता कांदा करतात, टोमॅटो करतात, म्हणजे मजूर करतात आणि तात्यांची बायको, सुमनकाकू, त्यांच्यावर लक्ष ठेवतात. तात्यांचं सगळं लक्ष गावाच्या पायांत असतं. आमच्या रानात आकाशातलं ऐकणाऱ्या रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या आहेत. त्या बघायला बाहेरगावचे लोक येतात आणि माना वर करून चालतात. तात्या बांधावर उभे राहून त्यांच्या पायांकडे बघतात. "वर बघून चालणारा ठेच खातो," ते सांगतात. "त्याच्या बुटाचं नाक पयलं जातं."

पडवीत त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणायचं आपलं, कारण पैसे ते कोणाकडून घेत नाहीत. जुन्या टायरचे तुकडे, मेण लावलेला दोरा, चामडं टोचायची आरी, कापायची रापी, तीन पायांची लोखंडी ऐरण आणि कांद्याच्या गोण्यांत भरलेल्या एकेकट्या चपला. जोड हरवलेल्या, मालकाने टाकून दिलेल्या, ओढ्याला वाहून आलेल्यासुद्धा. एखादी उचलली की तात्या तिचा तळवा वाकवून बघतात, कानाशी नेऊन दाबून बघतात आणि जाहीर करतात, "जीव हाय अजून." जीव नाही असं त्यांनी कुठल्या चपलेबद्दल म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

सुमनकाकूंचा मात्र जीव जातो. चिकटवायचं सोल्युशन लावलेला जोडा वजनाखाली दाबून ठेवावा लागतो, आणि घरातलं सगळ्यात जड, सपाट वजन म्हणजे काकूंचा पाटा. एकदा पाहुणे जेवायला बसलेले, काकू घाईघाईने खोबऱ्याची चटणी वाटायला गेल्या, तर पाट्याखालून एका ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या चपलेची टाच बाहेर डोकावत होती. काकूंनी त्या दिवशी आख्ख्या आळीला ऐकू जाईल असा उद्धार केला. "नोकरीत व्हता तवा खांबावर! आता चपलांत! जमिनीवर, माणसांत, म्हणून हा माणूस मला कधी घावलाच न्हाई!" तात्या शांतपणे म्हणाले, "पाटा धुता येतोय. त्या बिचाऱ्याला उंद्या सकाळी नांगरटीला जायाचंय."

तात्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. एका सुट्टीला तो पांढरेशुभ्र नवे बूट घालून आला. तात्यांनी विचारलं, "जुनं कुठं हायेत?" तो म्हणाला, "टाकले." तात्या ताटावर बसले खरे, पण अर्धी भाकरी खाऊन उठले. पोरगं शहाणं निघालं. आता येताना तो वडिलांसाठी पेढे आणत नाही, कंपनीतल्या मित्रांचे फाटके बूट पोतंभर आणतो. तात्या ते पोतं पडवीत ओतून बसले की आंब्याची अढी उघडल्यासारखा चेहरा होतो.

बेल्ह्याच्या बाजाराची गोष्ट तर सगळ्या तालुक्याला माहीत आहे. बैल घ्यायला गेले होते. बैल चांगला, दात चांगले, चाल चांगली. सौदा ठरत आला आणि तात्यांची नजर विकणाऱ्याच्या पायांकडे गेली. "पावणं, तुमचा बूट आतल्या अंगानं झिजलाय," म्हणाले. "असा माणूस सरळ चालत न्हाई." तो गडी खवळला. भांडण पेटणार तेवढ्यात तात्या पुढे म्हणाले, "पण शिवण चांगली हाय. द्या हिकडं, पुढच्या बाजारी आणून देतो." संध्याकाळी तात्या घरी आले ते बैलाऐवजी एक बूट घेऊन. एकच. दुसरा धड होता. त्या माणसाने तो बूट दिलाच कसा आणि एक बूट घालून तो घरी कसा गेला, हे मला आजही उलगडलेलं नाही.

आता एवढा मनमिळाऊ माणूस, पण त्याचं एका माणसाशी बोलणं नव्हतं. तो माणूस म्हणजे सख्खा थोरला भाऊ.

अण्णांचं घर तात्यांच्या घराला लागूनच आहे. मध्ये फक्त गोठा. अण्णा म्हणजे माजी सरपंच, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध, बोलताना समोर माईक असल्यासारखा आवाज. दोघा भावांचं बांधावरून, पाण्यावरून कधी वाजलं नाही. वाजलं ते चपलेवरून.

अण्णांच्या मुलीचा साखरपुडा होता. पाहुणे घोडेगावकडचे, मोठी मंडळी. मांडवाच्या दाराशी पाहुण्यांच्या पादत्राणांची रास पडलेली. तात्यांना दुसरं काय दिसणार? नवरदेवाच्या वडिलांच्या बुटाचा तळ पुढून उघडला होता. तात्यांनी तो उचलला, पडवीत नेला, सोल्युशन लावलं आणि वजनाखाली ठेवून निवांत पंक्तीत वाढायला गेले. पाहुणे निघाले तेव्हा व्याही एका पायात बूट घालून मांडवभर दुसरा शोधत होते. बायकांनी गाद्या उलथल्या, पोरांनी कुत्र्यांचा पाठलाग केला. मग तात्याच पुढे झाले, "घाबरू नका राव. माझ्याकडं हाय. वाळतोय."

लोक हसले. व्याहीसुद्धा हसले. हसले नाहीत ते अण्णा. ते माईकच्या आवाजात म्हणाले, "पायातली वहाण पायातच बरी! आपल्या घराण्यात कुणी चपला शिवल्यात का आजवर? त्या वसंताच्या नादी लागून त्याच्याच पंगतीला बसला तू!"

वसंता म्हणजे तात्यांचा शाळेतला मित्र. नारायणगावच्या एसटी स्टँडपाशी चपला शिवायला बसायचा. त्याच्या आधी त्याचा बाप तिथेच बसायचा. नोकरी संपल्यावर तात्या रोज त्याच्याशेजारी जाऊन बसत, तिथेच त्यांचा हात या कामात बसला. चपला घालायला सगळ्या जाती आणि शिवायला एकच, हे आपल्याकडचं जुनं गणित. अण्णा ते भर मांडवात मोठ्याने बोलले एवढंच. आणि ते बोलले तेव्हा वसंता तिथेच, तात्यांच्या आमंत्रणावरून आलेला, गावकऱ्यांच्या शेवटच्या पंगतीत बसलेला होता. पानात बुंदी वाढलेली होती. तो कोणाला काही न बोलता उठला, हात धुतला आणि निघून गेला.

लग्न झालं, मुलगी सुखात आहे, व्याह्यांचा तो बूट अजून टिकून आहे. पण तात्या अण्णांशी त्या दिवसापासून बोलले नाहीत. मी एकदा समजूत घालायला गेले. म्हटलं, "तात्या, थोरले आहेत. रागात बोलून गेले. सोडून द्या."

"मला बोलला असता तर कवाच सोडलं असतं," ते म्हणाले. "पण माणूस ताटावरनं उठला, बाई. त्याचं मी कसं सोडू? ते सोडायचं वसंतानं. अन् अण्णा त्याच्याकडं जायचा न्हाई. सुंभ जळंल, पीळ न्हाई जायचा."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे मुलांची भांडणं मिटवायची मला सवय आहे. एकाला या बाकावर, दुसऱ्याला त्या बाकावर, मधल्या सुट्टीपर्यंत पुन्हा गळ्यात गळे. म्हाताऱ्यांची भांडणं मिटवणं मात्र माझ्या हातचं नव्हतं.

पुढे माझ्या लक्षात एक गंमत आली. अण्णा दर शनिवारी मारुतीला जातात. देवळाबाहेर कट्ट्याच्या डाव्या कोपऱ्यात चपला काढतात. तात्याही दर शनिवारी देवळाशी असतात, पण आत जात नाहीत. बाहेर चपलांच्या राशीपाशी पिशवी घेऊन बसतात. ज्याचं जे उसवलंय ते तिथल्या तिथे शिवून टाकतात. लोक नमस्कार करून बाहेर येतात तर चप्पल बरी झालेली. अण्णांच्या चपलेचा पट्टा तर सारखाच तुटायचा. अण्णा आत मारुतीपुढे, तात्या बाहेर अण्णांच्या चपलेपुढे. अण्णा बाहेर येत, शिवलेल्या चपलेत पाय घालत, समोरच्या पिंपळाकडे बघत दोन क्षण उभे राहत आणि चालू लागत. आभार नाहीत, शब्द नाही. तात्याही तोंड फिरवून दुसऱ्याच कुणाची तरी सँडल ठोकत असत.

मला अण्णांचा संताप यायचा. ज्या हाताला नावं ठेवली, त्याच हाताचं काम फुकट घालून मिरवतो हा माणूस!

एका शनिवारी तात्यांच्या बोटाला आरी लागली होती. मी देवळातून बाहेर पडत होते, तर त्यांनी मला हाक मारली, "बाई, जरा ही चप्पल धर घट्ट." अण्णांचीच चप्पल होती. मी धरली आणि पट्ट्याकडे बघितलं. तुटलेल्या चामड्याला धागे निघतात, कड फाटते, हे तात्यांच्या संगतीत मलाही कळायला लागलं होतं. या पट्ट्याची कड गुळगुळीत होती.

"तात्या," मी हळूच म्हटलं, "हा पट्टा तुटलेला नाही. कापलाय कुणीतरी."

"मग?" तात्यांनी दोरा ओढला. "मला ठावं न्हाई व्हय? त्योच कापतोय. दाढीच्या ब्लेडनं. पयल्या पयल्यांदा लई वाकडं कापायचा, दोन जागी चिरायचा. आता शिकला."

इस्त्रीच्या सदऱ्यातले माजी सरपंच, दार लावून, ब्लेडने स्वतःच्याच चपलेचा पट्टा कापत बसलेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला हसू फुटलं. तात्याही हसले.

"थोरला हाय," म्हणाले. "बोलायचं धाडस न्हाई त्याच्यात. पट्टा कापायचं हाय. तेवढं तर तेवढं." आणि टाका घालून, दाताने दोरा तोडून, त्यांनी चप्पल डाव्या कोपऱ्यात होती तशी नीट जोडून ठेवली.

गेल्या पावसाळ्यानंतर अण्णा देवळात दिसेनासे झाले. आधी एक शनिवार गेला, मग दुसरा. साखर वाढली होती, पाय सुजले होते. जुन्नरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज थोडं चाला, नाहीतर अंथरूण धराल, पण अनवाणी पाऊल टाकायचं नाही, जखम झाली तर पाय वाचवणं कठीण. हे सगळं गोठ्याच्या अलीकडे सुमनकाकूंमार्फत कळायचं. तात्यांचं मात्र बिनसलं होतं. पडवीतल्या चपला शिवून संपल्या. मग ते धड चपलांची शिवण उसवून पुन्हा शिवायला लागले. शनिवारी देवळाबाहेर बसायचे आणि डाव्या कोपऱ्यात दुसऱ्या कुणी चपला काढल्या की खेकसायचे, "तिथं नको! पलीकडं काढा!"

एके दिवशी दुपारी शाळा सुटून मी घरी येते, तर अण्णांच्या बायको, जनाकाकू, तात्यांच्या पडवीत उभ्या. हातात कापडी पिशवी. एवढ्या वर्षांत त्या पहिल्यांदाच गोठा ओलांडून आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून अण्णांच्या चपला काढून ठेवल्या.

"भाऊजी, ह्या आता त्यांच्या पायात जात न्हाईत. दुसऱ्याही कसल्या जात न्हाईत, पाय लई सुजल्यात. चालणं बंदच झालंय. मला म्हणलं, दे त्याला नेऊन. कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

त्या गेल्या. तात्यांनी चप्पल उचलली. सवयीने पट्ट्यावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. मग दुसरी चप्पल उचलून तिचाही पट्टा बघितला. मी म्हटलं, "काय झालं?"

"धड हाय," तात्या म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "दोनी पट्टं धड हायेत, बाई. न्हाई कापला त्यानं."

एखादी चप्पल धड आहे म्हणून तात्यांना रडू येईल, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण ते पडवीच्या खांबाला टेकून बसले आणि उपरण्याने डोळे पुसायला लागले. सुमनकाकू आतून काहीतरी बोलत आल्या आणि बघून तशाच मागे फिरल्या.

थोड्या वेळाने तात्या उठले. म्हणाले, "शाळंत जाड पुठ्ठा असंल ना? अन् पेन्सिल घे एक. अन् तू चल संगं. माझं एकट्याचं पाऊल न्हाई उचलायचं तिकडं."

मी पुठ्ठा आणला. गोठा तो केवढा, पण तो ओलांडायला तात्यांना पार वळसा घालून मळा चढावा तसा वेळ लागला. मध्येच म्हशीच्या पाठीवर हात फिरव, मध्येच दाव्याची गाठ बघ. शेवटी मीच पुढे होऊन दार लोटलं.

अण्णा पलंगावर पाय सोडून बसले होते. सदरा चुरगळलेला. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्यामागे बघितलं. जनाकाकू पदर तोंडाशी धरून उभ्या. तात्या पुढे गेले, जमिनीवर बसले, पुठ्ठा अण्णांच्या पायांपुढे सरकवला आणि त्यासाठी खाली वाकले. ते वाकले तसा अण्णांचा हात थोरलेपणाच्या सवयीने आशीर्वादाला वर आला. मग मध्येच थबकला आणि गुडघ्यावर जाऊन बसला.

"पाय ठिव," तात्या म्हणाले. एवढ्या वर्षांनंतरचा हा पहिला शब्द.

अण्णांनी पाय ठेवला. तात्यांनी टाचेपासून पेन्सिल फिरवायला घेतली. तळव्याच्या आतल्या बाजूला पेन्सिल आली तसा अण्णांनी पाय झटकला.

"गुदगुल्या व्हत्यात."

"हालू नको. वाकडी व्हईल चप्पल."

"झाली तर झाली. तू काय सरळ शिवतोस?"

जनाकाकूंच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच निघाला. तात्या मान खाली घालून रेघ ओढत राहिले. अण्णा त्यांच्या पिकल्या डोक्याकडे बघत होते. त्यांचा तो माईकवाला आवाज कुठे गेला होता कोण जाणे. फार हळू म्हणाले, "शिवणार कोण? वसंता का?"

"त्याला दिसत न्हाई आता. घरीच असतो. मीच शिवीन."

अण्णांची नजर पुठ्ठ्यावर गेली.

"माझ्यामुळं ताटावरनं उठला त्यो," म्हणाले. "पानात बुंदी तशीच व्हती. मला दिसत व्हती. मी बघून बघितली न्हाई. रोज दिसती आता." ते पुढे झुकले. "मला त्याच्याकडं घेऊन चल. त्याच्या घरी. मला बोलायचंय त्याच्याशी. चप्पल नसली तरी चालंल."

"अनवाणी जायाचं न्हाई. डाक्टरनी सांगितलंय."

"मग बिगीनं शिव की, लेका!"

टाचेपासून निघालेली रेघ पुन्हा टाचेशी येऊन मिळाली होती, पेन्सिल कधीच बाजूला ठेवली होती. मी पुठ्ठा ओढून घ्यायला पुढे झाले आणि तशीच थांबले. भावाचा तो सुजलेला पाय तात्यांनी दोन्ही हातांत धरला होता, आणि अण्णाही तो मागे घेत नव्हते.